पंक्तिप्रपंच

मेलेल्या अळ्या पुरायला खड्डा लागतो हे म्हातारीला ठाऊक होतं, पण एवढा मोठा लागेल असं वाटलं नव्हतं. लेक खणत होता आणि ती शेडमधून घमेली भरभरून आणत होती. रेशमाच्या अळ्या होत्या, चांगल्या बोटाएवढ्या वाढलेल्या. आणखी थोडे दिवस पाला मिळाला असता तर कोष विणायला बसल्या असत्या. आता त्यांचं काळं पाणी होऊन घमेल्याच्या तळाला साचत होतं, आणि वास असा की लेकानं नाकाला फडकं गुंडाळलं होतं. म्हातारीनं गुंडाळलं नव्हतं. आपल्या हातानं भरवलेल्यांचा कसला आलाय वास, असं ती तोऱ्यात म्हणाली आणि पुढच्याच खेपेला भिंतीला धरून ओकली.

बांधापलीकडे पुतण्या उभा होता. पाठीवर नेहमीसारखा फवारणीचा पंप. गावात त्याला पंप्याच म्हणत. जेवायला बसतो तेव्हा तेवढा उतरवतो, असं त्याची बायकोच सांगायची.

"कोबीवर औषध मारलं ते मी नाकारत नाही," तो लेकाला म्हणाला. "पण ते उडून तुमच्या खालच्या तुतीवर गेलं, हे कुणी बघितलं?"

"अळ्यांनी बघितलं."

"अळ्या रोगानंही मरतात. राग मानू नकोस, पण काकूला आता दिसतं तरी किती? ओला पाला, कुजका पाला, हाताला येईल तो घालत असेल. हात तरी धुते का ते बघ आधी."

लेकाची कुदळ थांबली. आता हा काहीतरी सुनावेल म्हणून म्हातारी घमेलं कमरेवर घेऊन वाट बघत राहिली. लेकानं कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा खणायला घेतलं.

पुतण्याचं बोलणं तिला एवढं लागलं नाही. तो लहानपणापासून तोंडाचा फाटकाच. लेकाची ती गप्प कुदळ मात्र तिच्या जिव्हारी लागली. अंड्यातून निघालेली, केसाएवढी अळी पिसानं उचलून कोवळ्या पाल्यावर ठेवायला लेकाला तिनंच शिकवलं होतं, आणि आज तिचेच हात तो आडून आडून बघत होता.

घरची तुती दोन ठिकाणी होती. वरचं रान घरामागे आणि खालचं पुतण्याच्या कोबीला लागून. मेल्या त्या अळ्यांना शेवटी शेवटी खालचाच पाला पडला होता. नवीन अंडी आधीच सांगून ठेवलेली, ती शेडमध्ये फुटलीसुद्धा. लहान आहेत तोवर वरच्या रानावर भागलं असतं. पण शेवटच्या आठवड्यात अळी अशी खाते की आधीचं सगळं खाणं म्हणजे नुसती चव बघणं. तेव्हा खालच्या रानाला हात घालावाच लागणार होता. आणि खालचा पाला विषारी असेल तर हीही शेड खड्ड्यात जाणार, हे घरातल्या तिघांनाही कळत होतं.

"खालची तुती उपटून टाकतो," लेक जेवताना म्हणाला.

"आणि शेवटी काय घालायचं? तुझं डोकं?" म्हातारी म्हणाली.

"आधी कारण तर कळू दे. पाला असेल, शेडमधला रोग असेल, नाहीतर..." त्यानं पुढचं घासाबरोबर गिळलं.

"नाहीतर माझे हात. बोल की."

सून गावच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवायची आणि घरी आल्यावर सगळ्यांनाच सातवीत बसवायची, असं म्हातारीचं मत होतं. ती म्हणाली, "पंप्याभाऊजींच्या तोंडानं ठरणार नाही आणि आपल्याही नाही. अळ्यांनाच विचारू."

"कसं विचारणार?"

"शाळेत. पोरांना यंदा प्रयोग कसा मांडायचा ते शिकवायचंच आहे. दरवर्षी तेच मीठ पाण्यात विरघळवून दाखवायचं, त्यापेक्षा हे बरं."

म्हातारीला वाटलं, बरं झालं. अळ्या खालच्या पाल्यानं मरतील, पंप्याचं थोबाड उतरेल आणि आपल्या हातावरचा डाग जाईल. ती त्या दिवशी दोन घास जास्तच जेवली.

* * *

अळ्या हाताळायची पोरांना सवय नव्हती, म्हणून म्हातारीलाही शाळेत बोलावणं आलं. ती अळ्यांची टोपली मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसली. तिथून सुनेला शिकवताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं. घरात चपळाईनं भांडी आदळणारी ही बाई इथं मात्र पोरांसाठी तासभर थांबायला तयार होती.

"कसं शोधून काढायचं?" सुनेनं विचारलं.

"बाई, अळ्यांना खालचा पाला घालायचा," एक जण म्हणाला. "मेल्या की झालं सिद्ध."

"आणि वरचा पाला खाऊनही मेल्या असत्या तर?"

मग कुणीतरी म्हणालं, "मग वरचापण घालून बघायचा. वेगळ्या अळ्यांना."

"शाबास. कुठल्या अळ्यांना कुठला?"

"ज्या मरतुकड्या आहेत त्यांना खालचा," सरपंचाचा नातू म्हणाला. "म्हणजे नुकसान कमी."

सगळे हसले. म्हातारीला मात्र त्या पोराचा हिशेब पटला. सून हसली नाही. "मग त्या पाल्यानं मेल्या की मुळातच मरतुकड्या होत्या म्हणून मेल्या, ते कसं कळणार?"

असं करत करत पोरांनीच सगळं ठरवलं. सहा ट्रे. तीन ट्रेंना लाल दोरा, त्यांना खालचा पाला. तीन ट्रेंना पांढरा, त्यांना वरचा. कुठली अळी कुठे जाणार ते डोळे बांधून उचलून ठरवायचं. खोली तीच, कापड तेच, वेळ तीच. फरक एकच ठेवायचा, पाल्याचा. बाकी तसूभरही इकडचं तिकडे होता कामा नये.

"आणि भरवणारा हातही एकच हवा," सून म्हणाली. "आजी भरवतील."

तिसऱ्या रांगेतली एक पोरगी उभी राहिली. तिला वर्गात शंका म्हणत, कारण तिला दुसरं काही सुचतच नसे. "बाई, आजींना कळणार ना, लाल कुठला आणि पांढरा कुठला?"

"कळणार. मग?"

"मग त्या कुणाचे लाड करतील."

"आमच्या आई लाड करतात का ते मला विचार," सून म्हणाली, आणि वर्ग खो खो हसला. म्हातारीही हसली. शंका तोंड पाडून खाली बसली. तिची शंका हसण्यात वाहून गेली आणि सुनेनंही ती परत काढली नाही.

* * *

पहिला पाला सकाळी पोरांसमोर पडला. पोरं बघून, नोंदवून दुसऱ्या तासाला गेली. दुपारच्या सुट्टीत म्हातारी खोलीत एकटी राहिली.

पांढऱ्या दोऱ्याच्या ट्रेमधून सुपात तांदूळ घोळावेत तसा बारीक आवाज येत होता. लालमध्ये तो तुटक झाला होता. तिनं वाकून पाहिलं. एका अळीनं मान वर उचलली होती. ती मान डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि तोंडातून हिरवं पाणी आलं. शेजारच्या दुसरीनं पाल्यावरून अंग काढून घेतलं आणि ट्रेच्या कडेकडे सरपटायला लागली.

म्हातारीला हवं होतं ते हेच. पंप्याला बोलवावं, सगळ्या गावाला बोलवावं आणि दाखवावं, असं तिला वाटायला हवं होतं. तिला वाटलं ते एवढंच, की या उपाशी आहेत आणि आपण यांच्यापुढे हे वाढलंय.

तिची आई सावत्र होती. वाढताना त्या बाईची पळी स्वतःच्या पोरांसाठी तळाला जायची आणि हिच्यासाठी वरवर फिरायची. पंगत एक, आमटी एक, पातेलं एक, पण हिच्या ताटात नुसतं पाणी. मारलं असतं तर ती विसरली असती. ते वाढणं ती कधी विसरली नाही. लग्न होऊन हातात पळी आली तेव्हापासून तिनं गड्यालाही आणि जावयालाही एकाच मापानं वाढलं. त्यावरून सासूची बोलणी खाल्ली, पण हात आखडला नाही. आणि आज ती एकाच खोलीत, एकाच ओळीत तिघांना अन्न आणि तिघांना विष वाढत होती.

'मला कळलं ना,' ती मनाशी म्हणाली. 'मान वर झाली, हिरवं आलं, पाला वाईटच आहे. कळायचं ते कळलं. आता मारायच्या कशाला?'

तिनं दाराकडे पाहिलं. मग लाल ट्रेमधला पाला भराभर उचलला, पदरात बांधला आणि टोपलीतला वरचा पाला त्या तिघांपुढे पसरला. शाळेमागच्या उकिरड्यावर पदर झटकताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं. पण परत येऊन सहाही ट्रेमधून सारखा आवाज ऐकला, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

एकदा केलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. रोज सकाळी पोरांसमोर ती खालचा पाला घालायची, आणि पोरं वळली की काढून घ्यायची. वेळ आली की सांगू सुनेला, असं ती रोज ठरवायची. सून घरी आली की पोरं किती बारकाईनं बघतात ते इतक्या कौतुकानं सांगायची, की म्हातारीच्या तोंडचे शब्द तोंडातच राहायचे.

* * *

निकालाच्या दिवशी हेडमास्तर आले, लेक आला, पंप्याही आला. पंप घरी ठेवून, डोक्याला तेल लावून आला होता.

शंकेनं फळ्यासमोर उभं राहून वाचून दाखवलं. लाल ट्रेमध्ये एक अळी मेली, पांढऱ्यातही एक मेली. बाकीच्या सारख्याच वाढल्या. "म्हणून आमचा निष्कर्ष असा, की खालच्या पाल्यानं फरक पडत नाही."

लेकानं बायकोकडे पाहिलं. सुनेचा चेहरा उतरला होता, तरी ती म्हणाली, "आपल्याला काय हवं होतं ते बाजूला. जे दिसलं ते दिसलं. भाऊजी, तुमच्यावर नाहक आळ आला. मी माफी मागते."

"वहिनी, माफी कशाला," पंप्या म्हणाला. त्याला खरोखरच ओशाळल्यासारखं झालं होतं. "मी आधीच म्हणालो होतो. काकूचं वय झालं. आता बसून खाऊ दे तिला."

म्हातारीनं तोंड उघडलं. पण हेडमास्तर सुनेचं कौतुक करायला लागले, की घरच्या माणसाविरुद्ध निकाल गेला तरी बाई ढळल्या नाहीत, पोरांनी हे शिकण्यासारखं आहे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत उठून 'तुमचा प्रयोग मी बाटवला' असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

घरी आल्यावर लेकानं आवाज मऊ करून सांगितलं, "आई, या खेपेला तू शेडमध्ये येऊ नकोस. अळ्या मोठ्या झाल्यात. आम्ही बघतो."

"माझ्या हातानं मरतील म्हणून?"

"तसं नाही."

"मग कसं?"

सून शेडच्या दाराशी नवीन साबण ठेवत होती. तिनं मान वर केली नाही.

म्हातारी चुलीपाशी बसून राहिली. आपल्या हातांना नावं ठेवली गेली तर ठेवू देत, असं ती स्वतःला समजावत होती. पण खालचं रान काही तिच्या डोळ्यांपुढून हलेना. वरचं रान ओरबाडून नुसत्या काठ्या उरल्या होत्या. खालचं हिरवंगार डोलत होतं. आणि आता लेकाच्या मनात त्याबद्दल कणभर शंका नव्हती, कारण शाळेनं सिद्ध करून दिलं होतं.

* * *

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. शेवटच्या आठवड्यातलं खाणं बघायला सुनेनं पोरांना घरीच बोलावलं होतं. पोरं शेडमध्ये रॅकच्या दोन्ही बाजूंना उभी होती. वरच्या पाल्याचा अखेरचा भारा सकाळीच संपत आला होता. अळ्यांनी शिरासुद्धा सोडल्या नव्हत्या, आणि आता त्या माना वर करून नव्या पाल्याची वाट बघत होत्या. लेक खालून येत होता, डोक्यावर भारा, चेहऱ्यावर पाल्याचा चीक आणि घाम. मागे पंप्याही एक भारा घेऊन होता. समेटाचा भारा, असं तोच म्हणाला.

म्हातारी दारात आडवी आली.

"बाजूला हो आई. भुकेल्यात त्या."

"हा पाला आत जाणार नाही."

"आई, आता पुन्हा सुरू करू नकोस."

"मी तो त्यांना घातलाच नव्हता," ती म्हणाली. "शाळेत. तुम्ही वळलात की मी काढून घ्यायची. लाल काय आणि पांढरा काय, सगळ्यांनी वरचाच पाला खाल्ला."

लेकाच्या डोक्यावरचा भारा घसरून खाली पडला. पोरांपैकी कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"का?" सुनेनं विचारलं. आवाज अगदी लहान होता.

"पहिल्याच दुपारी एकीनं मान वर केली. हिरवं ओकली. मला पुढं वाढवेना. एका पंगतीत बसवून असा पंक्तिप्रपंच माझ्यानं नाही झाला."

"आणि मला सांगितलंत नाही. माझ्या पोरांनी वाचून दाखवलं, मी सगळ्यांसमोर माफी मागितली, तेव्हाही नाही." सून संतापली होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणीही होतं. "आई, अहो, तुमच्या हातावरचाच डाग पुसायला मांडलं होतं ना मी ते? तुम्हाला दया आली, आणि त्या दयेपायी आज ही सगळी शेड मेली असती."

म्हातारी दार सोडून बाजूला झाली नाही.

"म्हणजे औषध माझंच," पंप्या पुटपुटला. मग सावरून म्हणाला, "एक मिनिट. एकीनं मान वर केली म्हणजे पाला वाईट, हे तरी कशावरून? काकू म्हणते म्हणून? आणि फवारून बरेच दिवस झाले. आता धुऊनही गेलं असेल."

लेक त्याच्या अंगावर जाणार होता. सुनेनं हात आडवा धरला. "भाऊजी बरोबर बोलताहेत. आईंनी एकीला पाहिलं. तेवढ्यावर नाही ठरत. पाला चांगला असेल आणि आपण घातला नाही, तर या उपाशी मरतील. वाईट असेल आणि घातला, तरी मरतील." तिनं डोळे पुसले आणि पोरांकडे वळली. "सांगा. काय करायचं?"

शंका म्हणाली, "पुन्हा मांडायचं. आत्ताच. पण..." तिनं म्हातारीकडे पाहिलं आणि पुढचं गिळलं.

"पण भरवणारा हात दुसरा हवा," सुनेनं वाक्य पुरं केलं. "आई, तुम्ही घरात बसा."

साबणापेक्षा हे जास्त लागलं, आणि ते खोटंही नव्हतं. म्हातारी जागची हलली नाही.

"मीच घालणार," ती म्हणाली. "तू माझ्यासमोर बस. सगळी पोरं बसू देत. मी पाला काढताना दिसले, तर मला या शेडचं दार पुन्हा दाखवू नका."

सुनेनं दाराशी ठेवलेला साबण उचलून तिच्या हातात दिला. मग म्हणाली, "हात धुवा."

* * *

वरचा उरलासुरला पाला तीन ट्रेंपुरता बाजूला काढून बाकीचा इतर अळ्यांना थोडा थोडा वाटला. लेकाला सायकलवरून पलीकडच्या गावातल्या तुतीवाल्याकडे पाला मागायला धाडलं. वर्षभरापूर्वी त्याच माणसाला लेकानं पाला नाकारला होता, म्हणून तो जाताना कुणाकडे न बघता गेला. शंकेचे डोळे बांधले, आणि तिनं चाचपडत रॅकवरून सहा ट्रे निवडले. त्यातल्या एका ट्रेमधल्या अळ्या शेडमधल्या सगळ्यात देखण्या होत्या, टपोऱ्या, दुधासारख्या पांढऱ्या. म्हातारीनं तो दुरूनच ओळखला. त्याला लाल दोरा आला.

म्हातारीनं खालचा पाला उचलला आणि लाल ट्रेंमध्ये पसरला. कोपऱ्यांपर्यंत, एकीलाही कमी पडणार नाही असा. पांढऱ्या दोऱ्याच्या तिघांना वरचा, तितकाच. मग ती जमिनीवर बसली आणि हात मांडीत घेतले.

अळ्या खायला लागल्या. सहाही ट्रेमधून एकच आवाज येत होता. पंप्या दाराला टेकून उभा होता, आणि त्याच्या कपाळावर घाम होता. ऊन पत्र्यावर चढलं. पोरं उकाड्यानं हैराण झाली, पण एकही बाहेर गेलं नाही. काही होत नाही असं बघून पंप्यानं श्वास सोडला. म्हातारीलाही क्षणभर वाटलं की आपण चुकलो असू, आणि तसं असावं असं तिला मनापासून वाटलं. हात बदनाम होऊ देत, पण या जगू देत.

मग त्या देखण्या ट्रेमधला आवाज तुटला.

एक मान वर आली. डावीकडे गेली, उजवीकडे गेली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. पाल्यावर हिरवं पाणी पडलं. दुसऱ्या लाल ट्रेमध्येही माना हलायला लागल्या होत्या. पांढऱ्या दोऱ्याचे तिन्ही ट्रे खाली माना घालून खात होते.

म्हातारीचा हात आपोआप उठला. तिनं तो दुसऱ्या हातानं धरला आणि परत मांडीत आणला. सून तिच्याकडेच बघत होती. म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं नाही.

शंका ट्रेच्या सगळ्यात जवळ होती. तिच्या हातात पेन्सिल होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "आजी, त्या तडफडताहेत," ती म्हणाली, आणि पेन्सिल टाकून तिनं पाला उचलायला हात घातला.

म्हातारीनं तिचं मनगट पकडलं.

"बाई, थोड्या तरी वाचतील ना, काढू द्या ना," पोरगी सुनेकडे बघून रडायला लागली.

"त्यांच्या पानातलं उचलू नकोस," म्हातारी म्हणाली. "मी उचललं होतं. म्हणून आज यांना पुन्हा बसावं लागलं."

तिनं पेन्सिल जमिनीवरून उचलून पोरीच्या हातात दिली आणि तिचं मनगट तसंच धरून ठेवलं, त्या पोरीसाठी की स्वतःसाठी ते तिलाही सांगता आलं नसतं.

"लिही," ती म्हणाली. "लालमधल्या किती माना वर झाल्या ते मोज. मला नीट दिसत नाही."